अर्ध्यावर तुटलेले पुन्हा पहिल्यापासून कशाला?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी ह्या दिवशी आपण कोणा तरी शिकलेल्या बाईंना पाहुण्या म्हणून बोलावतो आणि आपण सतरंजीवर बसून ऐकतो. ह्या खेपेस पाहुण्याबाईंचे येणे ऐन वेळी रहित झाले आणि चिटणीसबाईंनी ते ओझे माझ्या डोक्यावर ठेवले. मी म्हटले, “अहो, माझे शिक्षण सातवी. मी काय बोलणार, कपाळ?” तर त्या म्हणाल्या, “तुम्ही आम्हां सगळ्यांच्या फोनात फायली उतरवून देता ना? त्याचेच सांगा.” तेव्हा मी आपली माझ्या मगदुराप्रमाणे सांगते. चुकलेमाकले तर पोरींनी हसू नये. आणि हसल्याच तर पदराआड हसावे.

फोनमध्ये फाईल घेण्याला डाउनलोड म्हणतात. मी ‘उतरवून घेणे’ म्हणते. माळ्यावरची बरणी उतरवावी तसेच ते. बरणी वर कोठे तरी आहे, आपण खाली आहोत, आणि मधली शिडी डुगडुगती आहे. आमच्या देवरुखात पावसाळ्यात वीज गेली की टॉवर झोपतो आणि टॉवर झोपला की शिडीच नाहीशी होते. हे तुम्हांला मी सांगायला नको.

ह्या विषयात मी कशी पडले ते आधी सांगते, म्हणजे पुढचे समजेल. २०२३ सालच्या जुलैत आमच्या ह्यांना खोकल्याने फार धरले. शहरातल्या एका इस्पितळात छातीचा सीटी स्कॅन काढला, तर फुप्फुसावर डाग निघाला. डाग म्हटल्यावर माणसाच्या मनात काय येते ते बोलून दाखवण्याची गरज नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांना दाखवावे असे ठरले. त्यांनी सांगितले, नुसता कागद नको, स्कॅनची मूळ चित्रे पाठवा. इस्पितळाने फोनवर एक लिंक पाठवली आणि म्हटले, ह्यावरून उतरवून घ्या, अठ्ठेचाळीस तास चालेल.

मी बसले. फाईल येऊ लागली. एकंदर किती यायची हे काही फोन सांगेना, नुसते चक्र फिरे आणि आकडा वाढे. एकेक एमबी येताना पाहत मी पाऊण तास फोन हातात धरून बसले होते. ३१० एमबी झाले आणि वीज गेली. वीज आली, पुन्हा सुरू केले, तर शून्यापासून! दुसऱ्या खेपेस १५० वर तुटले. तिसऱ्या खेपेस, पहाटे साडेतीनला उठून, ३७० पर्यंत गेले. चौथ्या वेळी २८० झाले आणि तुटले, आणि दिवसाचा दीड जीबीचा पॅकही त्यात संपला. दुसऱ्या दिवशी जाऊन रिचार्जवाल्याकडे जादा पॅक मारला, तोवर अठ्ठेचाळीस तास उलटून गेले आणि लिंकच मेली. इस्पितळाला फोन केला, त्यांनी दोन दिवसांनी नवी लिंक पाठवली, तिचेही तेच.

शेवटी मी स्वतः एस्टीने गेले, काउंटरवर उभी राहिले आणि सीडी घेऊन आले. धाकटे दीर ती सीडी घेऊन आंबा घाटाने कोल्हापूरला गेले. डॉक्टरांनी ती पाहिली आणि तासाभरात सांगितले की हा जुन्या क्षयाचा भरून आलेला वण आहे, काळजी नको. आठ दिवस घरात कोणी नीट जेवले नव्हते. ते आठ दिवस कशापायी गेले, हे मला समजून घ्यायचे होते.

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा मुलगा पुण्याला सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. त्याने सीडीवरची फाईल मोजून सांगितले, “काकू, ही ४१२ एमबीची आहे.” मी मनाशी बेरीज केली. पहिल्या खेपेस ३१० आले होते, म्हणजे १०२ च राहिले होते. दुसऱ्या खेपेस १५० आले. म्हणजे पहिले ३१० जर कोणी जपून ठेवले असते, तर दुसऱ्याच खेपेस काम झाले असते! मी चारही खेपा मिळून १,११० एमबी ओढले आणि पदरात काहीच नाही. मी त्याला म्हटले, “अरे, नळाला पाणी येऊन अर्धा हंडा भरला आणि पाणी गेले, तर आम्ही अर्धा हंडा ओतून देतो का? पाणी आले की त्याच हंड्यावर पुढे भरतो. तुम्हां शिकलेल्यांना एवढे सुचत नाही?”

तो हसला नाही, हे त्याचे चांगले. म्हणाला, “सुचलेले आहे काकू, फार वर्षांपूर्वीच सुचलेले आहे. तिथे कोणी ते केले नाही, एवढेच.”

आणि मग त्याने जे सांगितले ते मला फार नवलाचे वाटले. एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात फाईल नेण्याचे नियम प्रथम लिहिले ते आपल्याच एका माणसाने. अभय भूषण त्यांचे नाव. कानपूरच्या आयआयटीत शिकून ते अमेरिकेत एमआयटीत गेले होते आणि एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी ते नियमपत्र लिहिले. त्या रीतीला एफटीपी म्हणतात. पुढे ऑक्टोबर १९८५ मध्ये त्याचे सुधारलेले नियमपत्र निघाले, ते जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स ह्या दोघांनी लिहिले. जॉइस रेनॉल्ड्स ह्या बाई बरे का! त्या पत्रात तुटलेले काम मधूनच पुन्हा सुरू करण्याची आज्ञा घातलेली आहे. १९८६ साली चक फोर्सबर्ग म्हणून एकांनी साध्या टेलिफोनच्या तारेवरून फाईल पाठवण्याची झेडमोडेम नावाची रीत काढली, तिच्यातही तुटले तेथून पुढे जाण्याची सोय होती. आणि आपण फोनवर वेबवरून जे उतरवतो, त्याच्या नियमांत ही सोय जानेवारी १९९७ पासून लिहिलेली आहे. म्हणजे माझे लग्नही झाले नव्हते तेव्हापासून!

ही सोय चालते कशी, ते मी तुम्हांला पोथीवरून सांगते, कारण मला स्वतःला ते पोथीवरूनच कळले. आपण गुरुचरित्राचे पारायण करतो. आजचे वाचन संपले की पानात मोरपीस ठेवतो आणि उद्या तेथून पुढे वाचतो. फोनही तसेच करू शकतो. तो सर्व्हरला, म्हणजे फायली सांभाळणाऱ्या तिकडच्या यंत्राला, विचारतो, “माझ्याकडे इथवर आले आहे, ह्याच्या पुढचे तेवढे द्या.” सर्व्हर शहाणा असला तर उत्तर देतो ‘२०६’. त्याचा अर्थ, घे, हा मागितलेला तुकडा. सर्व्हरला हे येत नसले, किंवा शिकवलेले नसले, तर तो म्हणतो ‘२००’, आणि सगळी पोथी पहिल्या अध्यायापासून पुन्हा वाचू लागतो. ‘४०४’ हा आकडा तुम्ही पाहिलेला असेल, पान सापडत नाही तेव्हा येतो तो. ‘२०६’ मात्र कोणाला दिसत नाही. काम सुरळीत चालू असते तेव्हा तो मुकाट्याने मागच्या मागे असतो, घरातल्या बाईसारखा.

पण मोरपिसात एक गोम आहे. समजा, रात्रीतून कोणी आपली पोथी उचलून तिच्या जागी दुसऱ्या छापखान्याची ठेवली. मोरपीस चाळिसाव्या पानावर आहे खरे, पण ह्या पोथीचे चाळिसावे पान वेगळे. तेथून वाचले तर अर्धी कथा इकडची आणि अर्धी तिकडची. फायलीचेही तेच होते. आपण अर्धी उतरवली आणि तेवढ्यात तिकडे कोणी ती बदलली, तर दोन निराळे अर्धे जोडून भलतेच काही तयार होईल. म्हणून सर्व्हर प्रत्येक फायलीवर एक खूण घालून देतो. पुढच्या खेपेस फोन ती खूण दाखवतो आणि म्हणतो, “हीच पोथी असेल तर पुढचे द्या, बदलली असेल तर पहिल्यापासून द्या.” केवढा विचार केलेला आहे पाहा! अशा वेळी पहिल्यापासून सुरू झाले तर मला त्याचा राग नाही. तो पहिल्यापासूनचा न्याय आहे, माझ्या वाट्याला आला तो नव्हे.

मग माझ्या बाबतीत काय झाले? पुतण्याने सीडी आणि माझे वर्णन ह्यांवरून असा अंदाज काढला, की ती शेकडो चित्रांची गाठोडी आधी बांधून ठेवलेली नसावी. मी मागितली की त्या क्षणी बांधायला घ्यायची, आणि बांधता बांधता पाठवायची. म्हणून एकंदर वजन किती ते आधी सांगता येत नव्हते आणि नुसते चक्र फिरत होते. म्हणूनच मधला तुकडाही देता येत नव्हता, कारण मागच्या वेळची गाठोडी जागेवर नव्हतीच. गाठोडी एकदाच बांधून फळीवर ठेवली असती, वजन लिहिले असते, खूण घातली असती, तर सगळे साधले असते. जागा थोडी जास्त लागते, एवढाच काय तो खर्च.

आणि ते अठ्ठेचाळीस तास? त्याबद्दल मी पुतण्याशी चांगले भांडले. मी म्हटले, लिंक मरायलाच नको. तो म्हणाला, “काकू, काकांच्या छातीची चित्रे आहेत ती. लिंक कायमची जिवंत राहिली आणि कोणाच्या हाती पडली तर?” हे मला पटले. पण मग त्यानेच सांगितले की दुसरी रीत आहे. मुदत संपली की फोनवर आकडा पाठवून माणूस तोच आहे ह्याची खात्री करावी, नवी लिंक द्यावी, आणि अर्धवट आलेल्यावरच पुढे चालू द्यावे. दार पुन्हा ठोठवायला लावा, पण आत आलेले सामान रस्त्यावर फेकू नका.

सामान पुरते आणि धड आले की नाही, हे कसे ओळखतात तेही मजेचे आहे. आमच्या गुरुजींनी गुणाकाराचा नवाचा पडताळा शिकवला होता, काहींना आठवत असेल. आकड्यांची बेरीज करीत जायचे आणि शेवटी एक अंक उरवायचा. ४१२ चा उरतो ७. पण कोणी चुकून ४२१ लिहिले तरी ७ च उरतो, आणि चूक सापडत नाही. फायलीचा पडताळा फार पक्का असतो. एक शा-२५६ नावाची रीत आहे, तिच्यात फाईल केवढीही असो, शेवटी ६४ अक्षरांची खूण निघते, आणि फायलीत एक अक्षर जरी इकडचे तिकडे झाले तरी खूण साफ बदलते. तिकडची खूण आणि इकडची खूण जुळली की समजावे, वाण्याकडून निघाले तेवढेच घरात पोचले. अर्धवट फायलीला काही ब्राउझर नावच निराळे देतात. फायरफॉक्स तिच्या मागे ‘पार्ट’ असे शेपूट लावतो, म्हणजे कच्चे लोणचे मुरलेले समजून कोणी पानात वाढू नये.

काही सॉफ्टवेअरे तर एकाच फायलीचे चार-पाच तुकडे एकदम मागवून शेवटी जोडतात. आपण पाच जणी मिळून पापड लाटतो तसे. सर्व्हर एकेकाला बेताबेताने वाढत असेल तेव्हा ह्याने वेग येतो. पण आपली तारच बारीक असेल तर पाच जणी बसूनही पीठ तेवढेच, हे आपल्याकडे मी करून पाहिलेले आहे.

वेगाचेही एक सांगते, कारण त्यात पुष्कळ जणी फसतात. नेटचा वेग सांगतात बिटांत आणि फाईल मोजतात बाइटांत, आणि आठ बिटांची एक बाइट. म्हणून सेकंदाला एक मेगाबिट वेग असला तर ४१२ एमबी एका सेकंदाला एक ह्या हिशोबाने सात मिनिटांत येत नाही, पंचावन्न मिनिटे लागतात. पावसाळ्यात आपल्याकडे तेवढा वेग मिळाला तरी आपण मारुतीला नारळ फोडतो.

लांबचे सामान जवळ आणून ठेवण्याचीही युक्ती आहे. गॅसचे सिलिंडर कारखान्यातून थेट आपल्या दारात येत नाही, जवळच्या गोदामातून येते. १९९५ साली वेबचे जनक टिम बर्नर्स-ली ह्यांनी एमआयटीतल्या मंडळींपुढे प्रश्न टाकला, की एकाच ठिकाणी सगळ्या जगाची झुंबड उडाली तर काय करायचे? तेथले टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल ल्युइन ह्यांनी त्यावर गणित बसवले आणि १९९८ मध्ये अकामाई नावाची कंपनी काढली. गावोगाव सर्व्हर ठेवायचे, फायलींच्या नकला तेथे भरायच्या आणि मागणाऱ्याला जवळच्या ठिकाणाहून द्यायचे. हे ल्युइन ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळवलेल्या विमानात होते. वय अवघे एकतीस. पुतण्याने हे सांगितले तेव्हा मला चटका लागला. ज्याच्या अकलेचे आपण रोज खातो, त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते.

बरे, फोनमध्येही ही सोय आता घातलेलीच असते. अँड्रॉइडमध्ये २०१० पासून डाउनलोडचे काम पाहणारा एक कारभारीच आहे. रेंज गेली तर तो थांबतो, आली की पुन्हा मागतो, फोन बंद करून चालू केला तरी विसरत नाही. संगणकात विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, असाच एक गडी आहे, तो तर आपले दुसरे काम चालू असले की मागे सरतो आणि तार मोकळी दिसली की हळूच आपले काम उरकतो. पण कारभारी कितीही इमानी असला तरी पलीकडच्याने तुकडा द्यायला हवा ना! टाळी एका हाताने वाजत नाही, ती ही अशी.

आता पुतण्याचीच एक गोष्ट सांगते. तो समोर बसला आहे, बसू दे. त्याच वर्षी गणपतीला तो आला. त्याच्या कंपनीचे एक ॲप होते, त्यातून शाळेच्या मुलांना पाठांचे व्हिडिओ उतरवता येत. मला मोठ्या कौतुकाने दाखवू लागला. मी म्हटले, “इथे ओटीवर नको, चल.” आमच्याकडे फणसाखाली रेंजची एकच दांडी येते, ती पण येते-जाते. तेथे त्याला उभा केला. तीनदा तुटले, तीनदा पहिल्यापासून! बिचाऱ्याचे तोंड एवढेसे झाले. म्हणाला, “काकू, ऑफिसात कधी तुटलेच नाही.” अरे, ऑफिसात कसे तुटेल? तेथे वायफाय पळते, वीज जात नाही. सासरी कधी चूल न फुंकलेल्या बाईने चुलीची परीक्षा करावी तसे ते.

पण त्याने ते मनावर घेतले. ब्राउझरमध्ये मुद्दाम वेग कमी करून पाहण्याची सोय असते, ती तो आता रोज वापरतो म्हणे. आणि दिवाळीला आला तेव्हा स्वतःच मला म्हणाला, “चला काकू, फणसाखाली.” त्या दिवशी चार वेळा तुटले आणि चारही वेळा तुटले होते तेथूनच पुढे गेले. आधी जागा आहे का ते पाहिले, किती यायचे ते सांगितले, वायफायची वाट पाहू का असेही विचारले. मी त्याला तेथेच उभ्या उभ्या करंजी दिली.

एक सावधगिरीचे. सगळेच सुखासुखी उतरावे असे नाही. लग्नपत्रिका म्हणून ‘एपीके’ असे शेपूट असलेली फाईल कोणी पाठवली, तर ती पत्रिका नव्हे, ते ॲप असते आणि बँकेतले पैसे नेते. तेव्हा फोन “खात्री आहे का?” म्हणून विचारतो, ती त्याची कटकट समजू नका. तेवढ्यापुरते अडणेच चांगले.

आता घरचेच, म्हणजे आपल्या मंडळाचे. गेल्या वर्षीची स्मरणिका आपण सगळ्यांना फोनवर पाठवली, ती ९२ एमबीची होती. मी घरोघर विचारले, तर अकरा जणींनी ती उघडली होती. बाकीच्यांनी, त्यांत अध्यक्षीणबाई आपणही आलात, “वाचली हो, छान झाली,” असे मला तोंडावर सांगितले! दोष कोणाचा नाही. हळदीकुंकवाचे फोटो होते तसेच्या तसे, भिंतीएवढे मोठे घातले होते. ह्या वर्षी मी आणि छापखान्यातल्या मुलीने बसून ते फोनच्या पडद्यापुरते लहान केले. आता तीच बत्तीस पाने ६ एमबीत बसली आहेत, आणि फोटोत सगळ्यांच्या नथी दिसतात. मी फणसाखाली उतरवून पाहिली, चहाला आधण येईपर्यंत आली.

ज्यांना तेवढीही जड वाटेल त्यांच्यासाठी फोटो नसलेली वेगळी प्रतही केली आहे. आणि वरच्या आळीत जिथे रेंजच येत नाही तिथल्या सातही घरी कागदाची प्रत माझी धाकटी उद्या नेऊन देणार आहे.

चिटणीसबाई मघापासून मला घड्याळ दाखवीत आहेत, आणि आत उपमा निवतो आहे. कोणाची फाईल अडली असेल तर फोन घेऊन या, पण दुपारी तीननंतर. त्याआधी माझी भांडी व्हायची असतात.